सोळा हजार दोनशे चाळीस

अठरा वर्षांत एवढंच.
मगदूम काकूंनी आकडा असा सांगितला
जसं स्थळ आल्यावर मुलीचं शिक्षण सांगतात.
विश्रामबागेत, शेडमध्ये, ताडपत्रीखाली
मोतिया रंगाची झेन, एमएच दहा.
सीटवर अजून कंपनीचं प्लॅस्टिक,
पिवळं पडून बिस्किटासारखं तुटणारं.

मी भुलले.
रक्तपेढीत पेढे वाटले
(हा विनोद सगळ्यांनी केला).

मिरजेला दस्तगीर मिस्त्रींकडे नेली, तीही टोचन लावून.
त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.
टायरपाशी उकिडवे बसले,
रबरावरचे चार आकडे अंगठ्यानं पुसून वाचले.
"बेचाळिसावा आठवडा, सन पाच.
नक्षी बगा, कोरी करकरीत.
आन् हितं बगा."
कडेला भेगा, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या.
"न चालल्यानं गाडी नवी ऱ्हात न्हाई, ताई.
नुसती म्हातारी हुतीया."

टाकीत पेट्रोल नव्हतं, काकवी होती.
मागचे ब्रेक ड्रमला धरून बसलेले,
जुन्या भाडेकरूसारखे, निघता निघेनात.
फिल्टरच्या डब्यात उंदरानं
शेंगांची टरफलं, कापूस, लग्नपत्रिकेचा एक कोपरा
रचून संसार थाटलेला.
पट्टा, पाण्याचे होस, वायपरची पाती,
जे जे रबर ते ते बदला.
इंजिन मात्र…
मिस्त्रींनी प्लग काढून चार थेंब तेल सोडलं,
रात्रभर मुरू दिलं,
सकाळी पान्यानं फिरवून बघितलं, सावकाश, कान लावून.
"हाय," म्हणाले.

लोक म्हणाले, किमतीच्या निम्मं तर दुरुस्तीतच घातलंस.
घातलं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक शंभर पानी वही होती.
मगदूम साहेबांचं अक्षर, विमा कंपनीतलं, उभं.
गणपती मंदिर व परत, साडेसहा.
कुंभोज, बाहुबली. दर्शन. बासष्ट. हवा भरली.
मार्केट यार्ड, हळद, सात.
डॉक्टर, मिरज, बारा.
डॉक्टर, मिरज, बारा.
मिरज, बारा.
शेवटच्या पानावर पेन्सिलीनं: श्रवणबेळगोळ.
पुढं आकड्याची जागा कोरी.

आता दर रविवारी, इंजिन गार असताना,
मी तेलाची कांडी ओढते, पुसते, पुन्हा बुडवते.
रक्ताच्या पिशवीवर पस्तीस दिवसांची तारीख असते.
तेलावर नसते, ती आपणच लिहून ठेवायची:
सहा महिने, गाडी चालो न चालो.
"गल्लीत फिरवून ठिऊ नका," मिस्त्रींनी बजावलंय,
"काटा मधोमध येईस्तवर पळवा."
म्हणून अंकलीचा पूल. म्हणून हरिपूर.

एका रविवारी काकूंच्या दारात थांबले.
त्या मागचं दार उघडायला लागल्या.
"पुढं बसा की."
"नको गं, पुढं प्लॅस्टिक चिकटतं. मी मागंच बसायची."
"काढलं मी ते."
काकू वाकल्या.
सीटवरून तळहात फिरवला, एकदा, मग उलटा.
"निळी होती होय?"
हरिपूरच्या चिंचा सुरू होईपर्यंत
दुसरं काही बोलल्या नाहीत.

वहीत माझं अक्षर तिरकं जातं.
हरिपूर, काकू, नऊ. ब्रेक डावीकडं ओढतोय, दाखवणे.
पेन्सिलीची ओळ मी त्यांना दाखवलेली नाही.
मिस्त्रींना फक्त विचारलंय, सहज,
पाचशे-साडेपाचशे एका दमात झेपतील का हिला?
ते चिंध्यानं बोटं पुसत राहिले, एकेक.
मग म्हणाले,
"आधी क्लचची केबल बदलू."