मोजणी

घोडबंदरच्या वर, करवंदीच्या जाळीत
पायवाट संपते तिथे एक दार उभं आहे.
दारामागे चर्च होतं.

टेपचं एक टोक इनासकडे, दुसरं माझ्याकडे.
'चौतीस पावलं,' इनास म्हणतो,
'माझ्या बापाची. तो उंच होता.'
मी लिहितो: एकवीस मीटर ऐंशी.
खाली चौतीस पावलंही लिहितो,
साहेब विचारतील तेव्हा बघू.

भिंत दोन हात जाड. बाहेरून घडीव काळा पाषाण,
आत गोटे, कौलांचे तुकडे
आणि चुना, खाडीच्या शिंपल्या भाजून केलेला.
नखाने खरवडलं की अजून निघते
एखादी अर्धी कच्ची शिंपली.
भट्टीवाल्याला त्या दिवशी घाई असावी.

उत्तरेच्या कोपऱ्यात एक दगड उलटा.
कमळ आहे त्यावर, पाकळ्या जमिनीकडे.
आधीच्या कुठल्या देवळाचा असेल.
'गवंड्याला कळलं नाही?'
'कळलं म्हणून तर.
सरळ लावला असता तर पाद्र्याने ओळखला असता.'
हे कुठल्याच दप्तरात नाही.
मी तरी कुठे लिहितोय.

छप्पर पेशव्यांच्या स्वारीत गेलं, असं गाव सांगतं.
इनास सांगतो, वासे त्याच्या खापरपणज्याने उतरवले,
होडीला लागत होते.

कमानीचा मधला दगड चार बोटं निसटलाय.
दोन्ही बाजू एकमेकींच्या अंगावर पडतायत,
म्हणून कुणीच पडत नाही.
हे मी कॉलेजात शिकलो होतो, आकृतीसकट.
खालून चालताना तरी मान आत जाते.

खाली हमरस्त्यावर मेट्रोचे खांब, प्रत्येकाला नंबर.
इनासचा डॉमनिक तिथे सळया बांधतो.
'शंभर वर्षं टिकणार, बोलला. कागदावर लिवलंय.'
मग भिंतीवर थाप मारून,
'हिचा कागद कुठाय?'

शेवटी वेदीचा चौथरा. त्यावर बिबट्याची विष्ठा,
वाळलेली, कुत्र्याचे केस असलेली.
मी रुंदी घेण्यासाठी टेप ताणतो.
पलीकडे इनास टोपी काढतो,
विष्ठेला वळसा घालून
जरा बाजूला एक गुडघा टेकतो,
टोक हातातच ठेवून.

माझ्या बोटांखालून आकडा सरकतो,
तीन चाळीस, तीन बावन्न, तीन साठ.
पेन्सिल कानावर ठेवून
मी थांबतो.