पाण्याचा रकाना

कारेझ म्हणजे काय, हे मी कॅप्टनला तीनदा सांगितलं.
डोंगराच्या पोटातलं पाणी,
माणसांनी ओणवं होऊन खणत खणत
चार कोस गावापर्यंत आणलेलं.
वर दिसतात नुसती तोंडं, ओळीनं, वारुळांसारखी.
तो म्हणाला, विमानातून तर ती
बॉम्बच्या खड्ड्यांसारखी दिसतात.
दोघंही हसलो. तो वाईट माणूस नव्हता.

रस्त्यात सुरुंग असतील म्हणून
चिलखती गाड्या शेतात उतरल्या,
कारेझच्या पाठीवरून गेल्या.
एकेक गाडी चौदा टनांची.
सातवीखाली जमीन भाकरीसारखी मोडली.
अहवालात लिहिलं : जीवितहानी नाही.
तिसऱ्या दिवशी खारकोटच्या पाटात चिखल,
मग नुसती ओल,
मग त्या ओलीला चिकटलेल्या मधमाश्या.
डाळिंबांनी आधी फुलं टाकली, नंतर पानं.

भरपाईचा फॉर्म माझ्याच भाषांतरातला.
मेंढी : इतके. बदामाचं झाड : इतके.
भिंत, हाताच्या मापानं.
माणूस मेंढीच्या पुढच्या पानावर.
पाण्याला रकाना नव्हता.
बरयालय काका अंगठ्याला शाई लावून बसलेला.
कुठे, म्हणाला.
मी 'इतर'वर बोट ठेवलं.

त्याचा झमरय तेरा वर्षांचा, काटकुळा.
कारेझमध्ये शिरायला असाच देह लागतो.
पांढरे कपडे घालून उतरतात,
आत मेलं तर कफन वेगळं नको.
तो रोज रात्री एकटा उतरायचा, माती उपसायचा.
कॅप्टन म्हणाला, हा पोरगा जातो कुठे?
कुठेतरी पाणी मुरतंय.
मी म्हणालो, साहेब,
कुठे मुरतंय, तेच शोधतोय तो.

मग एका रात्री दार लाथेनं उघडलं.
म्हाताऱ्याच्या डोक्यावर पिशवी.
कुदळ, दोर, बॅटरी, दोन पांढरे सदरे : पुरावा.
बायका अंगणात, उघड्या डोक्यानं, परक्यांच्या उजेडात.
पिशवीतून म्हातारा जे बोलला
त्यात आमच्याकडचा एक शब्द होता,
ज्याच्यासाठी आम्ही सात पिढ्या भांडतो.
मी भाषांतर केलं : तो जरा नाराज आहे.

अकरा दिवसांनी सोडला.
सोबत माफी, आणि मुलाला एक फुटबॉल.
त्या अकरा दिवसांत डोंगरातून चार माणसं आली होती.
कप्पी आणली, तेल आणलं,
झमरयच्या बरोबरीनं माती ओढली.
काही विचारलं नाही.
हिशेब नंतर मागितला.

बाजाराच्या रस्त्याखालचा बोगदा मी पाहिलाय.
भिंतींवर तासणीचे तिरके फटके,
छताला तीच कमान.
खारकोटमध्ये असं एकच घर खणतं.
गाड्यांचा ताफा त्या दिवशी उशिरा निघाला.
वेळेवर आली ती मिनीबस,
तिच्यात लस टोचणारी वाझमा, माझी मावसबहीण,
मांडीवर थंड पेटी घेऊन.
पेटी लांब उडून पडली. संध्याकाळपर्यंत
आतला बर्फ वितळला नव्हता.

झमरयला मी माफ केलेलं नाही.
हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं ऐकून
लोकांना तसं वाटतं.
'नाराज' हा शब्दही
मी स्वतःला माफ केलेला नाही.

आता मी दुसऱ्या देशात, रात्री गोदामात खोकी मोजतो.
मंगळवारी भाषेचा वर्ग असतो. शिकवणारी बाई प्रेमळ,
तिचा भाचा तिकडे गेला होता, परतला नाही.
ती एकदा विचारते, सगळ्यांसमोर, अगदी हळू आवाजात :
एवढा राग येतो तरी कुठून?

मी म्हणतो, चार कोसांवरून.
जमिनीखालून.
ओणवं होऊन.

तिला वाटतं, माझं वाक्य चुकलं.
ती फळ्यावर ते दुरुस्त करून लिहिते.