बहात्तरावा रकाना

मनामा, अठ्ठ्याऐंशीचा मार्च. फदीलने विचारलं,
तिघांत चांगला कोणता?
मी वही काढली.

माझ्याकडे सखर, अरबी कीबोर्डचा, टीव्हीला जोडलेला.
फोनचा रिसिव्हर मोडेमच्या दोन खड्ड्यांत पालथा निजवायचा,
मग अक्षरं येतात, सेकंदाला तीस,
बोट ठेवून वाचता येतील अशी.
पलीकडे मीना सलमानच्या कचेरीतलं मोठं यंत्र.
त्याची समजूत अशी, की फोन करील तो
व्हीटी-शंभरच असणार.
म्हणून सोंग घ्यायचं:
होय, मी तोच. ऐंशी रकाने, चोवीस ओळी, सगळं आहे.

आमच्या गावी शिमग्याला संकासुर दारात यायचा,
मुखवट्याआडून खोकला मात्र
बाबल्या सुताराचा.
मी खोकलाच ऐकत होतो तिघांचा.

चाचणीला पान एकच, कामगारांची यादी,
कारण तिच्याएवढी लांब ओळ
त्या यंत्रात दुसरी नव्हती.

पहिला कार्ट्रिजवरचा. रकाने चाळीस.
यंत्र म्हणतं, पडदा पूस;
हा लिहितो: चौकोनी कंस, दोन, जे.
हुकूम पाळत नाही,
वाचून दाखवतो.
एक ओळ दोन ओळींत मोडते, मध्ये कंसांचा कचरा.
वहीत लिहिलं: निरुपयोगी.

दुसऱ्याला पुसणं येतं, कर्सर हवा तिथे नेणं येतं.
ऐंशीतले चाळीस दाखवतो,
उरलेले गिळतो, ढेकरही देत नाही.
चुकून अरबी कळ दाबली गेली
तर माझं नाव उजवीकडून निघतं, रकारप.
फदील हसून हसून खुर्चीवरून घसरला.

तिसरा त्याच्या मामेभावाने कॅसेटवर दिला,
दम्मामहून, नव्या पुलावरून.
ह्याचे रकाने खरोखर ऐंशी.
मथळा वर जागेवर, खाली नावं सरकतात,
जसं यंत्राला वाटतं तसंच.
फक्त अक्षराला रुंदी तीन ठिपक्यांची,
त्यातलाही एक फटीचा.
एच, एन, एम सख्खे भाऊ,
आठ आणि शून्य अंदाजाने.

रात्री पावणेदोन. खोलीत शिवदासन घोरतोय.
परकार, झेड. बिल्ला, मूळ पगार, भत्ता, रजा,
आणि पार उजवीकडे, आजवर न दिसलेला
बहात्तरावा रकाना: करार.
त्यात एकच अक्षर.
एच म्हणजे विचार चालू आहे.
एन म्हणजे नाही.

टीव्हीला नाक लावलं. ब्राइटनेस कमी केला,
वाढवला. शिवदासनचा चष्माही लावून पाहिला.
दोन उभे ठिपके, मध्ये धुकं.

मग कार्ट्रिज खोचलं. पुन्हा फोन.
कंस, दोन, जे. कंस, एच. कंस, सात, एम.
मोजत गेलो कचऱ्यातून,
दुसरी ओळ, बत्तिसावी जागा.
तिथे ते होतं, पूर्ण रुंदीचं, ठळक,
तिरकी रेघ वरून खाली स्पष्ट.
इतके दिवस रोज छापत होता बिचारा.

सकाळी फदीलने वही मागितली.
तिसरा घे, म्हणालो.
मथळा जागेवर राहतो.
डोळ्यांना थोडा त्रास होतो, एवढंच.