तळाशी मिरी

विनिपेगच्या माणसानं फोनवर आधी विचारलं,
सिलिंडर सहा की आठ?
मग, नळ्यांच्या रांगा तीन की चार?
मग, पितळी हवा की अल्युमिनियमचा?
मी म्हटलं, फार्गो आहे. पिकअप. सत्तावन्न सालची.
तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला,
बाई, तुम्हीच मापं सांगा.

मापं घेतली आईच्या शिवणाच्या टेपनं.
तिचे पहिले तीन इंच पुसले गेलेत,
तेव्हा तीनपासून धरायचं आणि मनात तीन सोडून द्यायचे.
शेडच्या थंड फरशीवर गुडघे टेकून
रुंदी घेतली, उंची घेतली.
वरच्या होजचं तोंड कुठल्या बाजूला, तेही.
तळव्याला ग्रीस, म्हणून मनगटावर लिहिलं.

प्रोकॉप म्हातारा म्हणाला होता, जुनाच डाख देऊन घे.
पण डाख देणारा शेवटचा माणूस सास्काटूनला,
अकरा आठवडे थांबा म्हणाला,
आणि पैसे सांगितले ते एका वासराचे.
"मग घे अल्युमिनियम. पण रांगा तीनच.
चार म्हणजे जाड रजई,
पंख्यानं वारा ओढायचा तरी कुठून?"

मेचा दुसरा आठवडा, रस्त्याकडेच्या चरात अजून बर्फ.
खालची तोटी गंजून गच्च.
डेलनं पाना लावला, ती तुटून हातातच आली,
आणि टबात भळाभळा हिरवट-तांबूस पाणी.
"बुर्कोला बांध आधी!" मी ओरडले.
ते पाणी गोड असतं, कुत्र्यांना आवडतं,
आणि दोन दिवसांत कुत्रं जातं.

पाणी निवळल्यावर तळाशी दिसली
मिरी.
भरडलेली, फुगलेली, काळी.
गाळ नव्हे, गंज नव्हे. चिमटीत धरून पाहिली,
जिभेवर ठेवायचा मोह झाला.
डेलला वाटलं माझं डोकं फिरलं.

रेडिएटर ठिबकायला लागला की जुनी माणसं त्यात मिरी टाकत,
ती भेगेत जाऊन बसे, गाव गाठून देई.
आणि आमच्या घरी मिरीचा डबा कायम रिकामा.
आई विचारायची, कोण खातं?
मी थोरली, म्हणून पिळला जाई तो कान माझा.
टाटो समोर बसलेले असत,
अळणी बोर्श्ट ओरपत, मान खाली,
हूं नाही की चूं नाही.

नवा बसवायला घेतला तर अर्धा इंच अरुंद.
टेप ताणली गेली होती,
चाळीस वर्षं आमचे झगे बेतून.
भोकं कानशीनं लांबवली,
फटीत जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबल्या,
पंख्याचं पातं हातानं फिरवून पाहिलं,
बोटभर अंतर. पुरे.
त्यानं पाठवलेलं तेरा पौंडांचं झाकण परत खोक्यात,
तेवढा दाब हिटरच्या म्हाताऱ्या नळ्यांना झेपला नसता.
अर्धं पाणी, अर्धं अँटिफ्रीझ,
आमच्याकडे उणे चाळीस होतं.
हिटर पूर्ण उघडा ठेवून इंजिन चालू केलं.
गुडगुड. एक मोठी ढेकर. पातळी खाली गेली. पुन्हा ओतलं.

काटा चढला, मध्यावर आला, तिथंच राहिला.
गव्हाच्या एलेव्हेटरपर्यंत जाऊन आलो.
येताना डेल म्हणाला, आजीला सांगायचं का?
आजी यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात, एकोणनव्वद वर्षांची,
तिथलं सूप अळणी असतं अशी रोज तक्रार.
मी काही बोलले नाही.
टाटोंचीच लेक.

शेडमध्ये परतल्यावर वाकून पाहिलं.
खालच्या होजखाली एक थेंब.
क्लॅम्पला अर्धा फेरा दिला,
आणि दुसरा येतो का
ते बघत बसले.