दोन बोटं फट

इथे थंडी पडते म्हटलं तर
म्हसळ्याला कुणाला पटत नाही.
फोनवर जाऊबाई हसतात,
वाळवंटात कसली गं थंडी!
मी ओढणीत हात गुंडाळते, विषय बदलते.

मुहर्रकच्या या गल्लीत
घरं बांधली ती उन्हाच्या धास्तीनं:
फरशी गार, छत उंच,
झरोके वारा ओढून घेतील असे.
जानेवारीत शमाल सुटतो
आणि घर आपलं सांगितलेलं काम
इमानानं करत राहतं.

इल्यास एसीचा मेकॅनिक.
नऊ महिने लोकांना गारवा पुरवतो,
उरलेले तीन आम्ही ओव्हरटाइमविना काढतो.
म्हणजे थंडी आमच्याकडे दोनदा येते,
एकदा दारातून, एकदा पगारातून.

हीटर आहे, दोन कांड्यांचा.
एकच लावायची,
तीही हुमेरा अभ्यासाला बसली की.
कांडी लाल होऊ लागते
आणि मला मीटरचं चाक फिरताना ऐकू येतं.
मीटर खाली जिन्यात आहे, त्याला चाकही नाही,
नुसते आकडे आहेत.
तरी ऐकू येतं.

शुक्रवारी तो पेटती उदबत्ती घेऊन घरभर फिरला.
मी विचारलं, कुणाची फातेहा?
"वाऱ्याची," म्हणाला.
धूर जिथे वाकडा झाला तिथे खडूनं फुली.
खिडकीतल्या एसीभोवती चार,
दाराखाली एक, न्हाणीच्या झरोक्याला एक,
आणि एक आमच्या पलंगाच्या उशाशी,
जिथे सहा हिवाळे माझी मान धरायची
आणि तो म्हणायचा, उशी बदल.

मग पिशवी उपडी केली.
काळा फोम, नळ्यांवर चढवायचा,
साइटवर उरलेले तुकडे, वीतभर, दीड वीत,
आणि चंदेरी टेप.
ज्या फोमनं थंडी आत कोंडायची
त्याच फोमनं तो ती बाहेर अडवत होता.
मी म्हटलं, चालतं का असं उलटं?
"त्याला काय ठाऊक, आत कुठली बाजू?"

मीही माझं बाहेर काढलं.
त्याच्या जुन्या डांगऱ्यांची गोधडी,
कंपनीचं नाव नेमकं पोटावर येतं.
कढईत वाळू तापवून मोज्यात भरते,
गाठ मारून हुमेराच्या पायाशी.
बाळंतपणात आईनं मला अशीच शेकली होती.
ती वाळू आमच्या खाडीची,
ही बांधकामावरची, चाळून धुतलेली.
जरा लवकर निवते,
की मलाच तसं वाटतं.

खालची उम्म जासिम
रात्री निखाऱ्यांची शेगडी खोलीत ओढून
दार लावून झोपते, हे कळलं
तसा तो भरल्या ताटावरून उठला.
त्याची अरबी पगार मागण्यापुरती.
मग गळ्याला हात लावला, डोळे मिटले,
मान टाकून दाखवली.
ती हसली. ऐंशी हिवाळे काढलेत, पोरा.
त्यानं शेगडी उचलून अंगणात ठेवली,
खाली येऊन तिची खिडकी बुजवली,
वरच्या कोपऱ्यात मात्र दोन बोटं फट सोडली.
मी म्हटलं, शेगडी तर बाहेर नेलीस?
"आपण वर गेलो की ती परत आत ओढेल."

आता रात्री दहाला
हुमेरा वाळूचा मोजा घेऊन खाली जाते,
शेगडी अंगणातच आहे ना, बघून येते.
परवा येताना तिच्या हातात
खजुराचा डबा होता, आणि एक तक्रार:
तुझ्या बापानं खिडकी नीट बसवली नाही, वारा येतो.

फोम तिच्याकडेच संपला.
उशाची फुली तशीच आहे, खडूची, पांढरी.
मी काही बोलले नाही.
त्यानंच न विचारता ती बाजू घेतली,
भिंतीला पाठ लावून झोपतो.
सकाळी उठून मान चोळतो.
मी म्हणते, उशी बदल.