कानाखाली

"कानाखाली काय असतं?" मी विचारायचे
कळव्याच्या डिसेक्शन हॉलमध्ये, पहिल्याच तासाला.
मागून ठरलेलं उत्तर यायचं: "आवाज, मॅडम."
हसू ओसरलं की टेबलावरच्या अनोळखी माणसाच्या
थंड गालावर मी तळहात ठेवायचे,
मनगट कानापाशी, पाच बोटं पसरून:
कपाळ, डोळा, गाल, हनुवटी, मान.
चेहऱ्याची नस अशी फुटते ग्रंथीच्या पोटात.
घरातून आरपार जाते,
त्या घराला मात्र काडीचं देत नाही.

चेंदणीच्या केतकी नाखवानं तेव्हा
हनुवटीची शाखा चिमट्यानं तोडली होती.
"मेलेल्याचा ओठ वाकडा होत नाही," मी म्हणाले,
"जिवंताचा होतो. लक्षात ठेव."

तिनं ठेवलं.
चोवीस वर्षांनी माझ्याच कानाखाली
सुपारीएवढी गाठ, आणि सुरी तिच्या हातात.
शुद्धीवर आले तेव्हा खिडकीत खाडी, ओहोटीची.
"मॅडम, आठ्या घाला. डोळे घट्ट मिटा.
गाल फुगवा. आता दात दाखवा."
आयुष्यभर घेतली ती तोंडी परीक्षा
मी उशीला टेकून दिली.
ती माझ्या खालच्या ओठाकडेच बघत होती.
मग खुर्ची ओढून बसली, काही न बोलता.

कानाची पाळी बधिर आहे अजून.
कुडी कुठे पडली, कळलंच नाही.
आणि हल्ली चिंचेच्या आमटीचा वास आला की
तोंडाला सुटायचं पाणी
डाव्या गालावर घाम होऊन येतं.
कापलेल्या नसा वाढताना वाट चुकतात,
हेही मीच शिकवायचे, घाईघाईत, तास संपताना.

गाल पदरानं टिपते.
आमटी अजून वाढून घेते.