दहावी सही

कायद्याला दहा माणसं लागतात,
दहा वेगळ्या घरांतली.
नऊ सह्या झाल्या होत्या.
जुबेदा बागवान दहाव्या रेघेवर बोट ठेवून बसली होती
विडी घरकुलात, आमच्या पंख्याखाली,
जो मे महिन्यात नुसतं ऊन ढवळतो.

माझं ॲप शिंप्यांचं. मापवही.
छाती, कंबर, बाही, शाळेचं नाव, गणवेशाचा रंग.
अशोक चौकातले कारखाने, गल्लीतले एकटे शिंपी,
महिन्याला साठ रुपये.
त्यातला स्टोअरचा वाटा आधीच कापून येतो,
जशी अम्माच्या हजारातून छाट.

छाट म्हणजे, विड्या वळून नेल्या,
तपासणाऱ्यानं मूठ उचलली,
काही मोडल्या, काही बाजूला फेकल्या.
का, ते विचारायचं नसतं.
फाटकं पान त्यांनीच दिलेलं,
पण हात तुमचा सैल.

मला छाट आली अकरा मेला, रात्री दोन वाजता.
'धोरणाशी विसंगत.' इतकंच.
शाळा उघडायला महिना,
आणि मापवही दुकानातून गायब.
मी पत्र लिहिलं. यंत्रानं उत्तर दिलं.
मी पुन्हा लिहिलं.
त्यानं तेच उत्तर दिलं, तितक्याच अदबीनं.

अम्मा म्हणाली, "आमी काय केलतं माहितंय का तवा?
बारा बाया दारात बसलो. उठलोच न्हाई.
चवथ्या दिवशी छाट अर्ध्यावर."
मग पानावर कात्री चालवता चालवता थांबली.
"तुज्या त्या दुकानाला दार कुठंय गं?"

हेच मी जुबेदाला विचारलं.
दहा जणांनी कुठल्या उंबऱ्यावर बसायचं?
ती म्हणाली, नाही बसता येणार.
मार्केट यार्डातले कांद्याचे भाव दाखवते ती,
फुगवलेला आकडा तिला बोलताही येत नाही.

मग फायदा काय?
सर्व्हरचं बिल दहांत वाटून. बरं.
वकील एक, हिशेबनीस एक. बरं.
पण सिद्राम म्हेत्रेचं कानडी पंचांग
वर्षातून एकदा चालतं, गड्ड्याच्या जत्रेला,
आणि त्याचं मत माझ्या मताएवढंच?
"एवढंच," जुबेदा म्हणाली.
"शनिवारी मीटिंग. चार तास. बिस्किटं नाहीत."

नानांच्या ट्रंकेत सूतगिरणीचा भागदाखला आहे.
हिरवी शाई, गोल शिक्का, शंभराचे पाच भाग.
गिरणीच्या जागी बाभळी.
नाना म्हणायचे, बुडवणारे आमच्यातलेच,
तेलुगूत भाषण करायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो.
आणि त्याच दमात म्हणायचे,
पण दोन वर्षं सूत वेळेवर मिळालं बरं का,
व्यापाऱ्याच्या ओट्याखाली उभं राहावं लागलं नाही.
कुठलं वाक्य खरं धरायचं
ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एक मात्र सांगायला हवं.
बारा मेला सकाळी सहा वाजता
विष्णुकांत कुडक्याल दारात उभा होता, हेल्मेटसकट.
त्याला हीच छाट दोन वर्षांपूर्वी आली होती.
तेव्हा तो एकटा तीन महिने
अंधारात सुई शोधत होता.
माझी त्यानं चहा निवायच्या आत काढली.
एक परवानगी, फोनमधली सगळी नावं मागणारी,
मी मागून ठेवलेली, कधी न वापरलेली.
तेव्हा संस्था नव्हती. नोंदणी नव्हती.
मग संस्था कशाला, असंही वाटलं.
मग वाटलं, विष्णुकांतला ताप आला असता तर?

"बाहेर पडायचं कलम कुठंय?" मी विचारलं.
जुबेदा हसली. "चौदावं. मीच घालायला लावलंय."
मी ते दोनदा वाचलं.
नानांच्या दाखल्याच्या मागेही काही छापलं होतं,
बारीक अक्षरात. ते कुणीच वाचलं नव्हतं.

पेन उमटेना. शाई वाळली होती.
अम्मानं सुपातली पेन्सिल पुढं केली,
कट्टे मोजायची, दातांनी टोक काढलेली.
"पेन्सिल चालत नाही, खाला," जुबेदा म्हणाली.

मी चपला घातल्या,
कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.
पाच रुपयांचं. निळं.
आधी तळहातावर ओढून बघितलं.